पातळी कोणाची वाढते?

शंकाकार : रोल-प्लेइंग गेमना शूटरपेक्षा कमी कौशल्य लागते, हा आरोप जुना आहे. तरुण नेमबाजांचा गर्व म्हणून तो झटकून टाकता येत नाही, कारण त्यामागे एक साधी कसोटी आहे : खेळणाऱ्याने काहीही नवे आत्मसात न करता, निव्वळ अधिक वेळ खर्चून यश मिळवता येते काय? शूटर म्हणजे ज्यात खेळाडू पात्राच्या डोळ्यांतून किंवा खांद्यामागून पाहत बंदुकीने प्रतिस्पर्ध्याचा वेध घेतो तो खेळ. १९९३ चा ‘डूम’ असो, १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळात हौशी मंडळींनी केलेल्या फेरफारांतून जन्मलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ असो, की महाराष्ट्रातील मुले मोबाइलवर खेळतात तो ‘बीजीएमआय’ असो, नेम धरायला हात वळला नसेल तर तासांची बेरीज कामी येत नाही. रोल-प्लेइंग गेममध्ये, ज्याला खेळणारे सर्रास आरपीजी म्हणतात, व्यवस्था वेगळी असते. तेथे पात्राला अनुभवाचे गुण मिळतात, ठरावीक गुण साठले की त्याची लेव्हल चढते, आणि लेव्हल चढली की त्याची ताकद, सोसण्याची क्षमता आणि मंत्रसामर्थ्य ही सारी वाढतात. काल अजिंक्य वाटलेला राक्षस, दोन संध्याकाळी त्याच जंगलातले तेच दुबळे प्राणी मारून परतल्यावर, चार घावांत कोसळतो. अशा पुनरावृत्तीला ग्राइंडिंग म्हणतात. तिला कोणी रियाजाची उपमा देतात, पण रियाजाने गळा बदलतो आणि ग्राइंडिंगने पात्राच्या तक्त्यावरचा आकडा बदलतो. खेळणारा होता तेथेच राहतो.

पुरस्कर्ता : निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत असे की कौशल्य हाताच्या वेगात आणि अचूकतेत असते. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवले की लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका त्यावर पोहोचण्यास हाताला अधिक वेळ लागतो, आणि या नात्याला गणिती सूत्रात बसवता येते. नेमबाजी हे या सूत्राच्या अखत्यारीतले काम आहे. ते मोजता येते, पडद्यावर दिसते, आणि म्हणूनच प्रेक्षकाला लगेच पटते. रोल-प्लेइंग गेमचा वंश मात्र निराळा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ लष्करी डावपेचांच्या पटखेळांतून निघाला. त्याची मूळ कल्पनाच ही होती की खेळणाऱ्याचे शरीर आणि पात्राचे शरीर यांची फारकत करावी. ज्याला आयुष्यात तलवार उचलता आलेली नाही त्यालाही योद्धा होता यावे, म्हणून तलवारीचा घाव पात्राच्या आकड्यांवर आणि वीस पैलूंच्या फाशावर सोपवला गेला. हात मुद्दाम बाजूला ठेवल्यावर उरते ती निवड : कोणाला पुढे करायचे, कोणते साधन आज वापरायचे आणि कोणते उद्यासाठी राखायचे, माघार कधी घ्यायची. ज्या खेळाने हाताला जाणूनबुजून रजा दिली, त्याला हात चालत नाही म्हणून उणे ठरवणे म्हणजे आधी निकाल आणि मग खटला, असे होते.

शंकाकार : निवड हेही कौशल्य आहे हे मान्य केले, तरी आरोप सुटत नाही, उलट तो अधिक घट्ट होतो. शूटरमध्ये निवड नसते असे कोण म्हणतो? काउंटर-स्ट्राइकमध्ये पाच जणांचा संघ सामन्याच्या आरंभी प्रत्येकी ८०० डॉलर घेऊन उतरतो, आणि जिंकणे, हरणे, मारणे, बॉम्ब लावणे यांनुसार प्रत्येक फेरीनंतर त्याच्या खात्यात भर पडते. २,७०० डॉलरची एके-४७ आत्ता घ्यायची, की ही फेरी पिस्तुलावर काढून पुढच्या फेरीत सर्वांनी एकदम सज्ज व्हायचे, हा निर्णय सामूहिक असतो, आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात किती शिल्लक असेल याच्या अंदाजावर घेतला जातो. प्रत्येक बंदुकीचा रिकॉइल, म्हणजे सलग गोळीबारात नळीला बसणारा झटका, ठरावीक आकृतीत जातो. ती आकृती लक्षात ठेवून माउस उलट दिशेने ओढावा लागतो. धावताना नेम विस्कटतो, म्हणून गोळी झाडण्यापूर्वी क्षणभर उलट दिशेची कळ दाबून पाय थांबवावे लागतात. पावलांच्या आवाजावरून शत्रू कोणत्या दारामागे आहे हे ओळखावे लागते. म्हणजे शूटर हातही मागतो आणि डोकेही मागतो, शिवाय दोन्ही एकाच वेळी आणि सेकंदाच्या अंशात. आरपीजी त्यातले एकच मागते, तेही सवडीने. दोहोंतला मोठा कोण हे कळायला साधी वजाबाकी पुरे.

आणि ते एक तरी ती खरोखर मागते काय? २०१४ च्या फेब्रुवारीत ‘ट्विच प्लेज पोकेमॉन’ नावाचा एक प्रयोग झाला. त्यात १९९६ च्या पहिल्या पिढीतील ‘पोकेमॉन’ या आरपीजीचे एकच पात्र इंटरनेटवरील जमावाने चालवायचे होते. जो जी आज्ञा लिहील ती यंत्र पाळत असे, आणि भाग घेणाऱ्यांची एकूण संख्या दहा लाखांच्या वर गेली. आज्ञा परस्परविरोधी होत्या, पात्र तासन्‌तास भिंतीवर आपटत राहिले, आणि तरीही सुमारे १६ दिवसांत तो खेळ पूर्ण झाला. काउंटर-स्ट्राइकच्या एखाद्या कसलेल्या संघासमोर असा जमाव उभा केला तर सोळा वर्षांतही एक सामना त्याच्या हाती लागणार नाही.

पुरस्कर्ता : त्या प्रयोगाची एक बाजू सांगायची राहिली. खेळाच्या मध्यावर, चुकीच्या फरशीवर पाय पडताच पात्राला भलतीकडे फेकणाऱ्या एका भूलभुलैयात जमाव असा अडकला की चालकाला मतदानाची पद्धत आणावी लागली. ठरावीक अवधीत ज्या आज्ञेला अधिक मते पडतील तीच पाळली जाऊ लागली. म्हणजे निव्वळ गोंधळाने तो खेळ पार झाला नाही. पण हा बचाव दुय्यम आहे. मुख्य मुद्दा असा की त्या प्रयोगातून पोकेमॉनचा उंबरठा किती ठेंगणा आहे एवढेच कळते, छत किती उंच आहे हे कळत नाही. खेळ पार करण्यासाठी किमान किती कौशल्य लागते आणि खेळात कमाल किती कौशल्याला वाव आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि या वादात ते सतत एकमेकांत मिसळले जातात.

त्याच पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धा २००९ पासून होतात. तेथे प्रत्येक स्पर्धक खेळात वाढवलेले सहा काल्पनिक प्राणी आणतो, समोरच्याचे सहा पाहून त्यांतले चार निवडतो, आणि एका वेळी दोन-दोन मैदानात उतरवतो. अठरा प्रकारांपैकी कोणता कोणावर भारी पडतो याचे जाळे पाठ असणे ही तर केवळ बाराखडी झाली. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या खेळांत प्रत्येक प्राण्याच्या तालमीला ५१० गुणांची मर्यादा आहे आणि कोणत्याही एका क्षमतेत २५२ पेक्षा अधिक गुण मोजले जात नाहीत. त्यामुळे वेगात चार गुण टाकायचे की संरक्षणात, हे कोणता संभाव्य शत्रू एका घावात मारू शकतो आणि कोणता नाही, याची गणिते मांडून ठरवावे लागते. दोन्ही बाजूंची चाल एकाच वेळी, एकमेकांपासून लपवून दिली जाते; म्हणून समोरचा काय करील याचा, आणि त्याच्या मते आपण काय करू याचा, असा दुहेरी अंदाज बांधावा लागतो. वरून नशीब आहेच : प्रत्येक घावाचे बळ ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान सोळा पायऱ्यांवर कोठेही पडू शकते.

आणि सवडीने घेतलेला निर्णय सोपा असतो, हाही एक भ्रम आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की खऱ्या डावांतली मांडणी उस्तादाला एका दृष्टिक्षेपात आठवते, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या तर त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी होते. कसलेला माणूस वेगवान खेळात विचार करत नसतो. तो ओळखत असतो. शूटरमधले डोके हे मुख्यतः असे ओळखणारे डोके आहे, आणि ते घडते कारण चुकीची शिक्षा तेथे त्याच सेकंदाला मिळते. आरपीजीत शिक्षा उशिरा येते. आरंभी ज्या गुणावर भर दिला, ज्या सोबत्याला दुखावले, जे दुर्मीळ साधन विकून टाकले, त्याचा हिशेब चाळीस तासांनी होतो, आणि तेव्हा गेल्या शेकडो निर्णयांपैकी नेमका कोणता चुकला हे सांगायला कोणी नसते. कारण आणि परिणाम यांच्यात इतके अंतर असताना शिकणे हे वेगाने शिकण्याइतकेच अवघड आहे, किंबहुना थोडे अधिकच.

येथे दोघांमध्ये तह होऊ शकला असता. एकात हाताचे कौशल्य, दुसऱ्यात बुद्धीचे, दोन्ही आपापल्या जागी थोर, असे म्हणून अशा चर्चा बहुधा संपतात, आणि त्यातून कोणाच्याही पदरात काही पडत नाही. शंकाकाराने तो तह नाकारला, हे बरेच झाले.

शंकाकार : उशिरा मिळणाऱ्या शिक्षेचे वर्णन आकर्षक आहे, पण प्रत्यक्षात ती शिक्षा भोगतो कोण? ‘बिल्ड’, म्हणजे पात्राचे गुण, शस्त्रे आणि मंत्र यांची सुसंगत रचना, कशी करावी याच्या आयत्या पाककृती प्रत्येक लोकप्रिय आरपीजीसाठी उपलब्ध असतात. दुसऱ्याने महिनोन्‌महिने डोके शिणवून काढलेली रचना दहा मिनिटांत उतरवून घेता येते आणि ती पहिल्या दिवसापासून तितकेच फळ देते. नेमबाजाचा नेम असा उतरवून घेता येत नाही. शिवाय निर्णय चुकलाच तर आधी जपून ठेवलेल्या टप्प्यावर परतता येते. लॅरियन स्टुडिओच्या २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये महत्त्वाच्या संवादापूर्वी खेळ जतन करायचा, फासा मनाजोगा पडला नाही तर मागे जाऊन पुन्हा टाकायचा, ही अनेकांची नित्याची पद्धत आहे. जेथे ज्ञान उसने मिळते आणि चूक पुसता येते, तेथे कौशल्याला वाव असेल, पण त्याची गरज उरत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत पदकांसाठी सात व्हिडिओ गेम होते. ‘पबजी मोबाइल’ त्यांत होता, एकही आरपीजी नव्हती. हा योगायोग नसावा.

पुरस्कर्ता : नेम उसना घेता येत नाही हे खरे नाही. एमबॉट नावाची फसवेगिरीची प्रणाली कित्येक वर्षांपासून आहे. ती शत्रूचे स्थान संगणकाच्या स्मृतीतून वाचून बंदूक स्वतःच त्याच्या डोक्यावर नेते, आणि नवख्याकडूनही अचूक हेडशॉट घडवते. तिला आपण फसवणूक मानतो आणि ती वापरणाऱ्याला बाद करतो, तर बिल्डच्या पाककृतीला आपण अभ्यास मानतो. म्हणजे एका खेळात पहारा कडक आहे आणि दुसऱ्यात ढिला. हा पहाऱ्यातला फरक झाला. कौशल्याच्या जातीत त्यामुळे फरक पडत नाही. पहारा बसवला की चित्र पालटते : बाल्डर्स गेट ३ मध्येच पुढे ‘ऑनर मोड’ आला, ज्यात जतन केलेला टप्पा एकच असतो आणि सगळी टोळी मारली गेली की त्या मोडमधली मोहीम तेथेच संपते.

नशिबाचे म्हणावे तर भारतीय न्यायालयांनी ही गाठ फार पूर्वी सोडवली आहे. रमीत पाने वाटण्यात दैव असले, तरी कोणती पाने गेली हे लक्षात ठेवणे आणि कोणते राखायचे, कोणते टाकायचे हे ठरवणे यांत कौशल्याचे पारडे जड आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच म्हटले होते, आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना तोच न्याय लावला. (२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या खेळांपुरता हा भेद निरर्थक केला, पण तो जुगाराच्या दुष्परिणामांचा विचार आहे, कौशल्याच्या स्वरूपाचा नव्हे.) आणि दैव शूटरमध्येही आहेच. बीजीएमआयमध्ये शंभर खेळाडू बेटावर उतरतात तेव्हा कोणत्या घरात कोणती बंदूक सापडेल आणि आकसत जाणारे वर्तुळ कोठे स्थिरावेल, हे कोणाच्याच हातात नसते.

आशियाई स्पर्धांचा दाखला तर आरोपाच्या उलट दिशेने जातो. त्याच सात खेळांत ‘डोटा २’ आणि ‘लीग ऑफ लेजंड्स’ होते. त्या दोन्हींत पात्र अनुभवाचे गुण मिळवते, लेव्हल चढते, साधने खरेदी करते. आरपीजीची सगळी यंत्रणा तेथे हजर आहे. फरक एवढाच की प्रत्येक सामन्याच्या आरंभी सर्वांची पाटी कोरी होते. याउलट २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ या शुद्ध शूटरने ऑनलाइन सामन्यांत ५५ लेव्हलची शिडी आणली; जो अधिक खेळेल त्याला नव्या बंदुका आणि विशेष सवलती खुल्या होत गेल्या. तेव्हा सीमारेषा आरपीजी आणि शूटर यांच्यामधून जात नाही. साठवलेली कमाई पुढच्या लढाईत नेता येते की नाही, आणि समोर जिवंत प्रतिस्पर्धी आहे की नाही, या दोन प्रश्नांवरून ती जाते. एकट्याने, सोप्या पातळीवर, नेम आपोआप शत्रूकडे ओढणारे साहाय्य चालू ठेवून खेळलेला शूटर कोणाकडूनच फारसे काही मागत नाही.

शंकाकार : कौशल्य मागतो तो प्रतिस्पर्धी, खेळाचा प्रकार नव्हे, ही दुरुस्ती मान्य करण्यासारखी आहे. पण आतापर्यंत आपण पुढे केलेले पुरावे एका ओळीत मांडून पाहावेत. पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत उतरणारा प्रत्येक प्राणी, त्याच्या मालकाने त्याला कितीही वाढवलेला असो, सामन्यापुरता लेव्हल ५० चाच धरला जातो. डोटामध्ये लेव्हल दर सामन्याला पुसली जाते. ऑनर मोडमध्ये मागच्या टप्प्यावर परतण्याची मुभा काढून घेतली जाते. यात आणखी एक भर घालता येईल : फ्रॉमसॉफ्टवेअरच्या २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये अंगावर चिलखत नसलेले, हातात सोटा घेतलेले एक पात्र लेव्हल १ वर सुरू होते, आणि पट्टीचे खेळाडू ते तसेच ठेवून, एकही लेव्हल न चढवता खेळ पूर्ण करतात. त्या खेळात लोळण घेताना काही क्षण पात्राला इजा होत नाही. तो नेमका क्षण साधणे हे पुन्हा हाताचेच काम आहे. म्हणजे जेथे जेथे आरपीजीतले कौशल्य दाखवायचे असते, तेथे तेथे पहिले पाऊल असते ते आरपीजीचे वैशिष्ट्य बंद करण्याचे. लेव्हल गोठवा, जतन थांबवा, ग्राइंडिंग नाकारा, आणि मग पाहा किती कौशल्य आहे, असा हा युक्तिवाद आहे. शूटरचे कौशल्य दाखवायला त्यातली बंदूक काढून घ्यावी लागत नाही.

पुरस्कर्ता : हा आक्षेप आतापर्यंतच्या सर्व आक्षेपांहून गंभीर आहे, आणि लेव्हल हेच आरपीजीचे वैशिष्ट्य असते तर तो निर्णायक ठरला असता. पण लेव्हल हे साधन आहे. या खेळाचे वैशिष्ट्य त्याच्या नावातच आहे, आणि ते म्हणजे भूमिका. टेबलावरच्या खेळात अनुभवी खेळाडू ओळखला जातो तो फाशांमुळे नव्हे. आपले पात्र भित्रे आहे असे एकदा ठरवल्यावर, पळून जाणे तोट्याचे असतानाही तो पळतो. दरवाजामागे सापळा आहे हे खेळणाऱ्याला ठाऊक असले, पण पात्राला ठाऊक नसले, तर तो पात्राला त्या सापळ्यात जाऊ देतो. स्वतःचे ज्ञान आणि पात्राचे ज्ञान यांच्यात भिंत राखणे, जिंकण्याची स्वाभाविक ओढ आवरून पात्राच्या स्वभावाशी सुसंगत असे हरणे, आणि ते हरणे सहकाऱ्यांना कंटाळवाणे होऊ न देणे, हे सारे एकाच वेळी साधावे लागते. शूटरमध्ये अशा कौशल्याला जागाच नाही, कारण तेथे मुद्दाम हरणारा माणूस फक्त वाईट खेळाडू असतो.

संगणकावरच्या खेळांनी हे आव्हान कधी पेलले, कधी टाळले. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये खेळणाऱ्याने तलवार अगदी समोरच्या शत्रूवर चालवली, पडद्यावर ती अंगातून गेलेली दिसली, तरी पात्राचे तलवारीतले प्रावीण्य कमी असेल किंवा ते दमलेले असेल तर घाव वाया जात असे. खेळाडू वैतागले, आणि २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ या पुढच्या भागात लागलेला घाव लागलाच असे धरण्यात आले. प्रावीण्यावर केवळ इजेचे प्रमाण अवलंबून राहिले. सोय झाली, पण एक प्रामाणिक कल्पना हरवली : पात्राचा हात हा खेळणाऱ्याचा हात नाही. २०१९ च्या ‘डिस्को इलिझियम’ने ती दुसऱ्या वाटेने परत आणली. त्यात स्मृती गमावलेल्या एका मद्यपी गुप्तहेराची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या आवाजांनी बोलतात, नेहमीच्या अर्थाची लढाई जवळजवळ नाही, आणि दोन फाशांच्या बेरजेवर ठरणारे अपयश बहुधा यशाइतकेच, कधी त्याहून अधिक समृद्ध प्रसंग घडवते. तेथे फासा मनासारखा पाडून घेणारा खेळाडू उलट काहीतरी गमावत असतो.

शंकाकार : पण हे हरणे पाहतो कोण? टेबलाभोवती चार सहकारी असतात आणि खेळ चालवणारा सूत्रधार असतो. भित्र्याचे पळणे उमटले की फसले, हे त्यांच्या चेहऱ्यावर कळते. संगणकाला ते दिसत नाही. त्याने दिलेल्या चार उत्तरांपैकी तिसरे उत्तर पात्राच्या स्वभावाचा खोल विचार करून निवडले, की कंटाळून सहज दाबले, याचा त्याला पत्ता नसतो आणि दोघांनाही तो तेच पुढचे दृश्य दाखवतो. नेमबाजीत हाताची थरथरसुद्धा नोंदली जाते. चुकण्याची शक्यताच जेथे नाही, तेथे एखादी गोष्ट सुंदर असेल, समाधान देणारी असेल. तिला कौशल्य म्हणायला आधार काय? आणि समजा ते आहेच, तरी ते खेळणाऱ्याने स्वतःच्या पदरचे आणलेले आहे. खेळाने ते मागितले नाही. मूळ प्रश्न खेळ काय मागतो असा होता.

पुरस्कर्ता : एका खेळाने ते मागण्याचा प्रयत्न केला होता. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या ‘अल्टिमा ४’ मध्ये पराभूत करायला कोणी महाखलनायक नाही. करुणा, प्रामाणिकपणा, विनय अशा आठ सद्गुणांत परिपूर्ण होणे हे उद्दिष्ट आहे. औषधी विकणारी बाई आंधळी आहे, किती नाणी दिली हे तिला दिसत नाही, पण कमी दिलेली नाणी खेळ आपल्या पोटात नोंदवून ठेवतो. हे आकडे खेळणाऱ्याला दाखवले जात नाहीत. आपण कितपत सुधारलो हे एका द्रष्ट्याला जाऊन विचारावे लागते, आणि तोही मोघम बोलतो. म्हणजे वागणूक पाहिली जात होती, आणि चुकण्याची शक्यताही होती. खेळाने भूमिका मागितली आणि मोजलीही.

शंकाकार : आणि मोजताच काय झाले? भिकाऱ्याला नाणे दिले की करुणेचा आकडा चढतो हे एकदा कळल्यावर करुणा हेही ग्राइंडिंग झाले. भिकारी म्हणजे जंगलातल्या त्या दुबळ्या प्राण्यांसारखाच, गुण देणारा एक ठोकळा. येथे आपल्यासमोर दोनच वाटा आहेत. भूमिका मोजली नाही, तर खेळ ती मागत नाही. मोजली, तर खेळाडू मापाला लक्ष्य करतो आणि भूमिका नाहीशी होते. आता मुक्त संभाषण समजू शकणारी यंत्रे आली आहेत. टेबलावरच्या सूत्रधाराची जागा त्यांनी घेतली आणि भित्र्याचे पळणे खरे वाटले की नाही हे ती ठरवू लागली, तरी त्या यंत्राला काय आवडते याच्या पाककृती महिन्याभरात तयार होतील.

पुरस्कर्ता : होतील. पण त्यामुळे अल्टिमा ४ च्या पहिल्या खेळाडूने, आकडा कोठे लपला आहे हे ठाऊक नसताना, त्या आंधळ्या बाईसमोर घेतलेला निर्णय रद्द होत नाही. त्या क्षणी खेळाने काहीतरी मागितले होते आणि खेळणारा त्यात कमी पडू शकत होता. आपण घातलेल्या दोन्ही अटी तेथे पूर्ण होतात. नेमबाजाला नियम कळल्याने त्याचा नेम बिघडत नाही. या खेळाडूचा निर्णय मात्र नियम कळताच बिघडतो, आणि म्हणून त्याच्याकडून जे मागितले जाते ते अधिक नाजूक आहे, कमी नव्हे.

शंकाकार : मग ते असे काही आहे जे एका खेळाडूला एका खेळात एकदाच करता येते, ज्याचा सराव करताच ते नष्ट होते आणि जे दुसऱ्याला शिकवायला गेले की त्याचीही संधी जाते. काउंटर-स्ट्राइकमधला रिकॉइल हजार वेळा आवरून हात सुधारतो, म्हणून त्याला कौशल्य म्हणताना कोणी अडखळत नाही. जे सुधारता येत नाही तेही कौशल्यच, असे म्हणायचे असेल तर कौशल्याची व्याख्या सरावाशिवाय करून दाखवावी लागेल, आणि ती अजून झालेली नाही.

पुरस्कर्ता : त्या खेळात ते सुधारत नसेल. पण तोच खेळाडू पुढच्या अनोळखी खेळात शिरतो तेव्हा तो आकडा शोधू लागतो, की तो असेलच हे माहीत असूनही त्याकडे पाठ फिरवून पात्राच्या बाजूने वागतो, यात माणसामाणसांत फरक पडतो. आणि तो फरक वर्षानुवर्षांच्या खेळण्याने रुंदावताना दिसतो, कधी एका दिशेने तर कधी दुसऱ्या. तो सराव नसेल तर काय आहे, हे सांगण्याची जबाबदारी आता शंका घेणाऱ्याची आहे.